करार एकाशी, माल दुसऱ्याला : छोटा शेतकरी ठरलेल्या खरेदीदाराला सोडून का जातो?

शाईपेन (धागाकर्ता)

शेतमाल खरेदी करणाऱ्या एका संस्थेसाठी करारांचे मसुदे तयार करणे हे माझे काम आहे. गेल्या हंगामात ज्या छोट्या शेतकऱ्यांशी आम्ही करार केले, त्यांच्यापैकी जवळजवळ एक-तृतीयांश जणांनी ठरलेला माल पूर्ण दिला नाही. बियाणे आणि खत आम्ही उधारीवर दिले होते, सल्ला द्यायला माणूस पाठवला होता, दर तर पेरणीआधीच लिहून दिला होता. तरीही काढणीच्या आठवड्यात बाहेरचे व्यापारी थेट शेतावर पोहोचले आणि माल गेला.

भाव वाढला की करार मोडतो, हे उत्तर मला माहीत आहे. पण ते इथे पुरत नाही, कारण ज्या दिवसांत माल बाहेर गेला, त्यांतल्या बऱ्याच दिवशी व्यापाऱ्यांचा दर आमच्या दरापेक्षा कमी होता. कमी दराने विकून करार मोडण्यात कोणाचे काय हित असते? दंडाचे कलम अधिक कडक करावे, असे वरिष्ठांचे मत आहे. मला ते तितकेसे पटत नाही, परंतु त्याऐवजी काय लिहावे हेही सुचत नाही. दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

काट्यावरचा माणूस

मी अनेक वर्षे संकलन केंद्रावर वजन-नोंदीचे काम केले आहे, म्हणून केंद्राच्या बाजूने सांगतो. आपण दरांची तुलना करता आहात. शेतकरी हातात पडणाऱ्या रकमेची तुलना करतो, आणि या दोहोंत पुष्कळ अंतर असते.

एक साधा हिशेब मांडू. शंभर पोती माल आहे. करारातला दर शंभर आहे असे समजा, तर व्यापाऱ्याचा नव्वद. केंद्रावर प्रतवारी होते आणि वीस पोती दुय्यम ठरतात. त्यांना चाळीसचा दर लागतो. म्हणजे ऐंशी पोत्यांचे आठ हजार आणि वीस पोत्यांचे आठशे, एकूण आठ हजार आठशे. व्यापारी पोती उघडून निवड करत नाही, सरसकट शंभर पोती घेतो आणि नऊ हजार देतो. कमी दर देणारा इथे दोनशेने जास्त देऊन गेला. त्यात केंद्रापर्यंतची वाहतूक आणि रांगेत गेलेला दिवस मी धरलेलाच नाही.

याहून मोठी अडचण उधारीच्या वसुलीची असते. बहुतेक ठिकाणी बियाण्या-खताची सगळी रक्कम पहिल्याच खेपेतून कापून घेतात. शेतकरी पहिली खेप घालतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. दुसरी खेप आपल्याकडे येईल, असे आपण कशावरून धरून चालता?

बांधावरून

आणि व्यापारी संध्याकाळी येतो, जेव्हा मजूर पैशांसाठी थांबलेले असतात.

वचनाला जागा

इथे सूर असा लागतो आहे की करार मोडणे ही जणू हुशारीच आहे. उधारीवर घेतलेले बियाणे पेरून त्याचे पीक तिसऱ्याला विकणे, याला साध्या भाषेत दुसऱ्याचे पैसे बुडवणे म्हणतात. त्याची किंमत मोडणारा मोजत नाही. ती करार पाळणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला मोजावी लागते.

झांबियातील कापसाचे उदाहरण पाहावे. १९९४ मध्ये तिथल्या सरकारी कापूस कंपनीचे खासगीकरण झाले आणि सुरुवातीला दोन मोठ्या कंपन्या शेतकऱ्यांना उधारीवर बियाणे आणि औषधे देऊन कापूस खरेदी करू लागल्या. उत्पादन झपाट्याने वाढले. मग ज्यांनी उधारीचा पैसाही गुंतवला नव्हता असे नवे खरेदीदार आले. त्यांना वसूल करण्यासारखे काहीच नसल्यामुळे ते थोडा जास्त भाव देऊ शकत होते. शेतकरी तिकडे वळले, कर्जे थकली, कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि १९९८ मध्ये एक लाख टनांच्या पुढे गेलेले उत्पादन २००० पर्यंत जवळपास निम्म्यावर आले. ज्यांनी एकदाही करार मोडला नव्हता त्यांनाही पुढच्या वर्षी बियाणे मिळाले नाही. फुकट्या खरेदीदाराला मोकळे रान दिले की दुसरे काय होणार?

आकडेमोड

झांबियाची गोष्ट खरी आहे, पण ती आपण अर्ध्यावर सोडली आहे. त्याच काळात कापसाचे जागतिक भावही कोसळले होते, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, त्यातून वर येताना तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने वसुलीची पद्धतच बदलली. शेतकऱ्यांच्या मोठमोठ्या गटांवर सामूहिक जबाबदारी टाकण्याऐवजी तिने गावपातळीवर वितरक नेमले. उधारी वाटायची, सल्ला द्यायचा आणि कापूस गोळा करायचा, हे सगळे एकाच माणसाकडे आले. आणि जितकी वसुली जास्त, तितका त्याच्या दलालीचा टक्काही चढत जाईल, अशी रचना केली. वसुली सुधारली, कारण आता पेरणीपासून काढणीपर्यंत शेताकडे फिरकणारा एक माणूस होता आणि कोणाच्या घरी काय अडचण आहे हे त्याला ठाऊक असायचे.

शिवाय, प्रत्येक वेळी करार शेतकरीच मोडतो असे नाही. केनियात ड्रमनेट नावाची एक योजना होती. छोट्या शेतकऱ्यांना कर्ज, सल्ला आणि निर्यातदार अशी साखळी जोडून देऊन फरसबी, बेबी कॉर्न यांसारखी निर्यातीची पिके घ्यायला लावायची, अशी तिची कल्पना होती. पहिल्या वर्षी निकाल चांगले आले. पुढे युरोपीय दर्जा-निकषांचे प्रमाणपत्र शेतकऱ्यांकडे नाही म्हणून निर्यातदाराने माल घेणेच थांबवले. शेतकऱ्यांनी तो मिळेल त्या भावाने मध्यस्थांना विकला, काहींचा काढलेला माल सडला, कर्जे थकली आणि योजना बंद पडली. त्या वर्षीचे दप्तर उघडले, तर थकबाकीदार म्हणून नाव शेतकऱ्यांचेच सापडेल.

शाईपेन (धागाकर्ता)

काट्यावरचा माणूस यांचा हिशेब मी आज दोनदा करून पाहिला. आमच्याकडेही उधारी पहिल्या खेपेतूनच कापली जाते. त्यामागचा विचार असा होता की आपले पैसे आधी सुरक्षित व्हावेत. दुय्यम मालाचे प्रमाण किती निघाले हे मला कार्यालयातून विचारून घ्यावे लागेल.

अल्पभूधारक

मी करार मोडलेला माणूस आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण इथे त्याचा उपयोग नाही.

त्या वर्षी आमची वीस पोती झाली. वाहन मंगळवारी येणार, असा निरोप होता, म्हणून सोमवारी काढणी संपवून माल शेताच्या कडेला रचून ठेवला. मंगळवारी वाहन आले नाही. बुधवारी फोन लावला, तर 'उद्या' असे उत्तर आले. गुरुवारी आभाळ भरून आले आणि आम्ही ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून रात्र काढली. पोत्यांत हात घातला की आत ऊब लागायची. ज्यांनी ओलसर माल साठवला आहे त्यांना त्या उबेचा अर्थ सांगावा लागणार नाही. काढणीला आलेली चार माणसे रोज संध्याकाळी येऊन बांधावर बसत. ती काही मागत नसत, नुसती बसत.

शुक्रवारी व्यापारी आला. दोघांच्या खांद्यावर आडवा वासा, त्याला लोंबता काटा, अशी त्याची सगळी यंत्रणा होती. काटा तो थोडा आपल्याकडे झुकता ठेवतो हे मला दिसत होते आणि मला दिसते आहे हे त्यालाही कळत होते. एक शब्दही न बोलता चौदा पोती मोजून झाली. त्याने नोटा दोनदा मोजल्या आणि तिसऱ्यांदा मला मोजायला लावल्या. मी तिथेच मजुरांचे पैसे चुकते केले.

सहा पोती आम्ही राखून ठेवली, कारण कंपनीच्या वहीतून नाव जाऊ नये अशी वडिलांची इच्छा होती. वाहन शनिवारी आले. सहा पोत्यांतून उधारी कापली गेली आणि उरलेल्या उधारीसाठी नावापुढे लाल खूण झाली. पुढच्या हंगामात आम्हाला करार मिळाला नाही. वाहन चार दिवस उशिरा आले होते, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

तिरपा कटाक्ष

मंगळवारी वाहन येईल असे सांगितले होते, पण नेमका कोणता मंगळवार, हे करारात लिहिले होते का?

शाईपेन (धागाकर्ता)

हा टोला मला लागू होतो. आमच्या करारात 'माल वाहनाच्या उपलब्धतेनुसार उचलला जाईल' असे वाक्य आहे, आणि ते मीच लिहिलेले आहे.

आकडेमोड

अल्पभूधारक यांचा प्रतिसाद वाचल्यानंतर सरसकट बोलणे बरोबर वाटत नाही, पण पिकाच्या स्वभावाचा मुद्दा मांडायचा राहून गेला होता. माल बाहेर जाण्यासाठी आधी बाहेर कोणीतरी घेणारा असावा लागतो. मादागास्करमध्ये एका निर्यात कंपनीने जवळपास दहा हजार अत्यंत छोट्या शेतकऱ्यांकडून युरोपसाठी फरसबी पिकवून घेतली. त्या मालाला स्थानिक गिऱ्हाईक फारसे नव्हते. त्याशिवाय कंपनीची माणसे शेतावर सतत जात-येत होती. पाम तेलाच्या फळांचे घड काढल्यावर साधारण एका दिवसात गिरणीत पोहोचावे लागतात, त्यामुळे जवळ दुसरी गिरणी नसेल तर शेतकरी जाणार कुठे? कापूस, मका, भात यांची गोष्ट वेगळी आहे. ही पिके कोणीही, कुठेही, कधीही घेऊ शकतो, म्हणून बाहेर विक्रीची जास्त ओरड याच पिकांत ऐकू येते.

मात्र खरेदीदार एकच असेल तर करार टिकतो, यावरून खरेदीदार एकच असावा असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण एकट्या खरेदीदाराचा काटा कुठल्या बाजूला झुकेल हे वेगळे सांगायला नको. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रवांडातील कॉफी-प्रक्रिया केंद्रांच्या अभ्यासात असे दिसले की जिथे केंद्रांची गर्दी झाली तिथे केंद्र आणि शेतकरी यांच्यातली आगाऊ रकमेची, नंतरच्या दुसऱ्या हप्त्याची देवाणघेवाण आटली, आणि स्पर्धा वाढूनही शेतकऱ्याचे भले झाले नाही. विश्वासावर चालणारे व्यवहार उद्या कोणीही पळवू शकेल अशा मालावर उभे राहत नाहीत.

पैसे उशिरा मिळतात म्हणून शेतकरी जातो, या म्हणण्यालाही एक अपवाद आहे. केनियातील दूध उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेत पैसे महिन्याने मिळत आणि बाहेरचे व्यापारी रोज रोख, तेही जास्त दराने देत. तरीही शेतकरी संस्थेला दूध घालत राहिले. संस्थेनेच रोज पैसे घेण्याचा पर्याय दिला तेव्हाही बहुतेकांनी तो नाकारला. रोजचे पैसे रोज खर्च होतात. महिन्याची रक्कम एकदम हाती आली तर एखादे मोठे काम होते.

बांधावरून

दुधाचा दाखला इथे चालणार नाही. दूध रोज निघते, म्हणून थोडे संस्थेला आणि थोडे बाहेर असे करून घरखर्च भागवता येतो. पीक वर्षातून एकदा येते आणि त्याच दिवशी मजूर, सावकार, औषधवाला असे सगळे दारात उभे असतात. त्या दिवशी कोणी 'महिन्याने देतो' म्हणाले तर त्याला बचत म्हणत नाहीत.

आकडेमोड

मान्य. त्या अभ्यासातला आणखी एक तपशील मात्र आपल्या म्हणण्याला पूरक आहे. महिन्याने पैसे देण्याची सोय व्यापाऱ्यांना करता आली नाही, कारण ते पुढच्या महिन्यात पैसे देतील यावर शेतकऱ्यांचा भरवसा नव्हता. संस्थेवर तो होता. म्हणजे पैसे उशिरा मिळणे शेतकरी एक वेळ सहन करतो, पण ते नक्की कोणत्या तारखेला मिळणार हे त्याला माहीत असावे लागते.

खुरपे

सगळी चर्चा 'शेतकरी' या एकाच माणसाबद्दल चालली आहे. करारावर सही घरातल्या पुरुषाची असते, चुकारा त्याच्या खात्यात जमा होतो, आणि निंदणी, तोडणी, निवड ही कामे बहुतांशी बाई करते. तिच्या हाताला लागणारा पैसा तो, जो दारावर आलेल्या व्यापाऱ्याला दोन पाट्या विकून मिळतो. संस्थेच्या दप्तरी ती करारभंगाची घटना होते. घरात तिला त्या महिन्याची शाळेची फी म्हणतात.

गांबियात १९८० च्या दशकात जहाली-पचार हा मोठा भातसिंचन प्रकल्प उभा राहिला, तेव्हा हाच पेच वेगळ्या रूपात दिसला होता. भाताची शेती परंपरेने स्त्रियांची होती. प्रकल्पात पिकाचा ताबा पुरुष कुटुंबप्रमुखांकडे गेला आणि कष्ट मात्र स्त्रियांकडे राहिले. अनेक स्त्रियांनी त्या शेतांवर राबायला नकार दिला किंवा मोबदला मागितला. शाईपेन, आपल्या करारात दुसऱ्या सहीसाठी जागा आहे का?

शाईपेन (धागाकर्ता)

जागा आहे, पण ती साक्षीदाराची आहे.

वचनाला जागा

खुरपे यांचा मुद्दा मी कधी विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो. तरीही एक प्रश्न उरतोच. भाव खरोखरच भडकतो तेव्हा काय? २०११ मध्ये अरेबिका कॉफीचा वायदा भाव पौंडाला ३०० सेंटच्या वर गेला, तेव्हा सहकारी संस्थांशी बांधलेले कितीतरी उत्पादक दारावर आलेल्या मध्यस्थांकडे गेले आणि आधीच कमी भावाने पुढचे सौदे करून बसलेल्या संस्था अडचणीत आल्या. तिथे वाहन उशिरा आले होते आणि प्रतवारी चुकली होती, असे म्हणता येणार नाही.

काट्यावरचा माणूस

तिथे आपण म्हणता ते बरोबर आहे. तो निव्वळ भावाचा मोह होता, आणि मोह दोन्ही बाजूंना होतो. भाव कोसळलेल्या वर्षांत केंद्रावर काय चालते ते मी पाहिले आहे. ज्या मालाला आदल्या वर्षी डोळे झाकून पहिली प्रत मिळाली, त्याच मालात अचानक खडे, ओलावा आणि डाग दिसू लागतात. वरून लेखी आदेश कधीच येत नाही. 'जरा बारकाईने बघा' एवढाच निरोप येतो, आणि नोकरी टिकवायची असलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. भाव चढला की शेतकरी निघून जातो, भाव पडला की खरेदीदार प्रतवारीच्या आडून निघून जातो. यांतल्या पहिल्यालाच नाव आणि दंड आहे.

म्हणून एकच ठाम आकडा लिहिण्यापेक्षा किमान हमी आणि त्यावर बाजारभावाला जोडलेला वाढीव हिस्सा, अशी रचना बरी. फरक थोडा उरतो, म्हणून मोहही थोडाच होतो. आणि प्रतवारीच्या वेळी शेतकरी समोर उभा असावा, तक्रार असेल तर नमुना तिसऱ्या माणसाकडे जावा.

तिरपा कटाक्ष

दंडाच्या कलमाबद्दल एक शंका. सहा पोत्यांच्या वसुलीसाठी दावा लावायचा तर वकिलाची फी किती पोती होईल?

आकडेमोड

विनोद बाजूला ठेवला तरी हिशेब तोच आहे. शेकडो छोट्या करारांपैकी प्रत्येकाची रक्कम इतकी लहान असते की न्यायालयात जाणे कोणालाच परवडत नाही. युनिद्रुआ (देशोदेशीच्या खासगी कायद्यांत एकसूत्रता आणणारी आंतरराष्ट्रीय संस्था), संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आयफाड (कृषी विकासासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा निधी) यांनी मिळून २०१५ मध्ये करारशेतीसाठी जो कायदेशीर मार्गदर्शक तयार केला, त्यातही नाते टिकवून ठेवणारे उपाय आणि मध्यस्थीने तोडगा यांवर भर आहे. करार शेवटी 'पुढच्या वर्षीही हा माणूस मला हवा आहे' या एका गोष्टीवर टिकतो.

आणि तो टिकला तर त्यावर किती काही उभे राहू शकते, याचे एक उदाहरण देतो. केनियातील ऊस उत्पादकांना पीकविमा देऊ करण्यात आला. हप्ता आधी भरा म्हटल्यावर शंभरातले पाच जण तयार झाले. तोच हप्ता तोडणीच्या वेळी उसाच्या पैशांतून वजा करू म्हटल्यावर बहात्तर जण तयार झाले. पण ही सोय तेव्हाच चालते, जेव्हा ऊस खरोखर त्याच कारखान्यात येतो.

शाईपेन (धागाकर्ता)

चार दिवसांनी परत येतो आहे. मधल्या काळात मी गेल्या हंगामाच्या हिशेबपट्ट्या आणि वाहनांच्या फेऱ्यांची वही समोरासमोर ठेवून पाहिली. हे काम याआधी कोणी केले नव्हते, कारण पट्ट्या लेखा विभागात असतात आणि फेऱ्यांची वही वाहतूक विभागात.

ज्यांचा माल बाहेर गेला, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांकडे वाहन निरोपाच्या तारखेनंतर तीन किंवा अधिक दिवसांनी पोहोचले होते. उरलेल्यांपैकी पुष्कळांनी पहिली खेप वेळेवर दिली होती. त्यांतली एक पट्टी माझ्या टेबलावर आहे. वजन, प्रत, दर, एकूण रक्कम, उधारी वजा, आणि शेवटच्या रकान्यात 'देय : शून्य'. खाली अंगठा आहे. दुसरी खेप आलेली नाही. भाव चढला म्हणून गेलेलेही आहेत, पण ते शेवटच्या दहा दिवसांतले आहेत आणि मला वाटत होते त्याहून बरेच कमी आहेत.

नव्या मसुद्यात तीन बदल सुचवतो आहे. उधारी प्रत्येक खेपेतून ठरावीक हिश्श्याने कापावी. चुकाऱ्यासाठी दोन सह्या आणि दोन नावे असावीत. आणि ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवसांत वाहन आले नाही, तर तेवढा माल बाहेर विकण्याची शेतकऱ्याला मुभा असावी व त्याच्या नावापुढे खूण होऊ नये. पहिल्या दोन बदलांना कार्यालयात फारसा विरोध होणार नाही. तिसऱ्यावर वरिष्ठ म्हणतील की करार मोडण्याची परवानगी आपण स्वतःच लिहून देत आहोत.

वचनाला जागा

त्यांना सांगा की वचन दोघांनी द्यायचे असते. हे मी म्हणतो आहे, याची नोंद घ्यावी.

काट्यावरचा माणूस

वाहनाच्या फेऱ्या कोण ठरवतो, त्यालाही या बैठकीत बसवा. नाहीतर कलम राहील आणि वाहन शनिवारीच येईल.

अल्पभूधारक

मसुद्यात तारखेच्या जागी रिकामी रेघ ठेवू नका. सही करताना ती आमच्याकडून भरून घ्या. पीक कधी निघणार हे आम्हाला माहीत असते.